पहिल्या धवल्याचा स्नॅपशॉट

२ डिसेंबर

सगळं बदललं ते आज दुपारी, सत्यभामाकाकींनी धवल्यात माझं नाव घातलं तेव्हा. त्याआधी मी नुसता माइक धरून बसलेला पोरगा होतो. आता कोण आहे ते अजून ठरायचंय.

क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

जाई तळवलीची. एम.ए. करते. तिच्या काकी, सत्यभामाकाकी, धवलारीण आहेत. म्हणजे आगरी लग्नात एकेका विधीला जी गाणी लागतात, धवले, ती म्हणणाऱ्या. त्यांच्याइतके धवले पाठ असलेलं आता आसपास कुणी उरलं नाही. आणि जानेवारीच्या शेवटी त्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. नंतर आवाज कसा राहील ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून त्याआधी सगळं रेकॉर्ड करायचं असं जाईनं ठरवलंय. तिच्या लॅपटॉपमध्ये जागा नाही, म्हणून ती मी काम करतो त्या कोपरखैरण्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आली. मालक नंदकिशोर सरांनी दुकानामागच्या एसीच्या खोलीत एक सर्व्हर ठेवलाय. त्या एका लोखंडी खोक्याच्या पोटात बरीच व्हर्च्युअल मशीन चालतात. एक कोचिंग क्लासचं, एक कुठल्याशा सोसायटीचं. व्हर्च्युअल म्हणजे नसलेलं मशीन. त्याला डिस्क असते, मेमरी असते, ते चालू होतं, बंद होतं, रुसतं. पण कुठंय म्हणून विचारलं तर बोट दाखवता येत नाही. जाईसाठी असं एक मी बनवलं. काकी तळवलीत गाणार आणि आवाज नेटवरून थेट त्याच्यात.

रेकॉर्डिंगची जागा मात्र खरीखुरी आहे. जाईच्या वडिलांचा मांडव-डेकोरेशनचा धंदा, त्यांची गाद्यांची खोली. चारी बाजूंनी छतापर्यंत गाद्या आणि लोड. दार लावलं की ठाणे-बेलापूर रोडचे ट्रेलरसुद्धा पाण्याखालून गेल्यासारखे वाटतात.

काकी आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मी गानार नाय."

"आता काय झालं?" जाई.

"मांडव नाय, नवरी नाय, नवरा नाय. धवल्यात नाव लागतं. कोनाचं घेऊ? या गाद्यांचं?"

"माझं घे ना. नवरी मी."

"आन नवरा?"

जाईनं इकडंतिकडं पाहिलं. खोलीत गाद्या होत्या आणि मी होतो.

"ह्याचं घे. यशराज."

ती हसली. मी हसलो नाही. माइकची तार उगाच सरळ केली.

काकींनी मला नीट पाहून घेतलं. "कंचा रं तू?"

"कोपरखैरण्याचा. मूळचे आम्ही कोरेगावकडचे. सातारा."

"घाटावरचा. बरा हायस." मग जाईकडं वळून, "पन आयक. गायलेलं लगीन उभं ऱ्हातं. लोकांचं मना ठाव नाय, यो माझा नेम हाय. सांजच्या आत पुसून टाकाचा. नायतर तुझं खरं लगीन येईल तवा माझ्या तोंडातून शबुद निंघनार नाय."

"हो गं, टेस्टिंगच आहे ते."

मीही हो म्हणालो. म्हणजे म्हणालो असेन.

आणि मग काकींनी डोळे मिटले. 

*चौकाच्या पाटावं जाईबाय बैसली गो,*
*वाट कोनाची बगते, यशराजाची गो...*

आवाज जाडसर, जुना, आणि मध्येच पातळ होतो, उन्हात धरलेल्या कापडासारखा. माझं नाव इतक्या हळू कुणी घेतलं नव्हतं. घरी ते हाक मारायला वापरतात, कॉलेजात हजेरीला वापरायचे. इथं ते पाटावर ठेवलं होतं.

रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर आली. जाई म्हणाली, "पंखा बंद करायला पाहिजे पुढच्या वेळी. हे उडवते मी." तिनं उडवलं.

तिनं उडवायच्या आधी मी मशीनचा स्नॅपशॉट घेतला. नवीन मशीनची जुळणी झाली की घ्यायचा असतो, सरांची पद्धतच आहे. नाव द्यायला विचारलं तेव्हा 'मांडव' दिलं.

५ डिसेंबर

सर विचारत होते, "तो टेस्टिंगचा स्नॅपशॉट काढलास ना? दोन दिवसांच्या वर ठेवायचा नाही."

"बॅकअप म्हणून ठेवलाय सर."

"स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही, यश. किती वेळा सांगू?" आणि त्यांना फोन आला.

नाहीच आहे बॅकअप. मला माहीत आहे. स्नॅपशॉट घेतला की मशीनची डिस्क त्या क्षणाला थिजते. पुढं जे लिहाल, जे पुसाल, ते सगळं बाजूच्या वेगळ्या फाइलीत साठत जातं. मशीनला हे कळत नाही, त्याला वाटतं आपण पुढं चाललोय. पण तळाशी दोन डिसेंबरची दुपार जशीच्या तशी आहे. जाईनं ती फाइल पुसली हे खरंय. पण ते पुसणंसुद्धा बाजूच्या फाइलीत आहे. खाली पुसलंच गेलेलं नाही.

गंमत अशी की मला ते ऐकता येत नाही. ऐकायचं तर मशीन मागे न्यावं लागेल, म्हणजे त्यानंतरचं सगळं जाईल. नाहीतर अख्खी डिस्क दुसरीकडं उतरवून घ्यायची, तर सर्व्हरवर तेवढी मोकळी जागा नाही. शिवाय सर विचारतील कशाला.

नसलेल्या मशीनमध्ये न ऐकता येणारं लग्न. चालेल मला. दुपारी एसीच्या खोलीत बसलो की खोक्याच्या घरघरीत ते मिसळलेलं असतं असं वाटतं.

११ डिसेंबर

काकींच्या नेमावर जाईनं तोड काढली. "ज्यांची लग्नं तू आधीच लावलीयस त्यांची नावं घे. ती लग्नं उभीच आहेत ना?"

काकींनी पान तोंडात ठेवलं, चघळलं. "यात दोष नाय," म्हणाल्या.

तेव्हापासून रोज एक लग्न. आज गोठिवलीच्या एका जोडप्याची हळद गायल्या. गाऊन झाल्यावर सांगितलं की नवरदेवाला हळद सोसली नव्हती, पोर सूज येऊन भोपळा झालं होतं, तसंच उभं केलं. जाई हसून हसून गाद्यांवर पडली. वरून दोन लोड माझ्या डोक्यात.

"ए अर्ध्या इंजिनिअर, लागलं का?"

"अर्धं लागलं."

बाकी कुणी मला अर्धा इंजिनिअर म्हणालं असतं तर मी कॉलर धरली असती. तिसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणाले, तुला यातलं काही येत नाही. मी म्हणालो, तुम्हाला येतं का ते मी विचारू? आणि बॅग उचलून निघालो ते परत गेलोच नाही. आईला अजून वाटतं मी जाईन. जाईला हे सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "मग, येत होतं का तुला?"

येत नव्हतं. तिला तेही सांगितलं.

१९ डिसेंबर

आबा, म्हणजे माझे वडील, बाजारातून आले. कांदा-बटाट्यात माथाडी म्हणून त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, अंगाला अजून कांद्याचा वास येतो, रविवारीसुद्धा. जेवताना विचारलं, "काय करतुस रं त्या दुकानात नेमकं?"

मी व्हर्च्युअल मशीन सांगितलं. एका खऱ्या मशीनच्या आत सात-आठ नसलेली मशीन.

"मंजी एका गाळ्यात सात-आठ भाडेकरू."

"तसंच."

"आन जागा? सगळ्यांनी एकदम माल उतरवला तर?"

"उतरवत नाहीत एकदम. प्रत्येकाला थोडी जास्तच जागा सांगून ठेवतात, वापरत कुणीच नाही तेवढी."

आबांनी भाकरी मोडली. "असं आमच्यात बी करत्यात. मग एक दिस पावसाचं सगळेच माल घिऊन येत्यात." आणि आईला म्हणाले, "ह्यो मशीनवाला झाला, खरं ते मशीन कुणी बघितलंया?"

मी चिडून ताटावरून उठलो. बाहेर येऊन खाडीच्या बाजूला चालत गेलो. रात्रीची धुरकट हवा, पलीकडचे दिवे पाण्यात उतरलेले. कुठला दिवा वरचा आणि कुठला खालचा हे समजत नव्हतं. तिथं बसून मी मनात जाईचं आणि माझं घर लावत होतो. मांडव तळवलीतच. जाईचे वडील स्वतः उभा करतील. काकी नुसत्या बसल्या तरी चालतील, गाणं तर आधीच झालंय.

२४ डिसेंबर

आज रेकॉर्डिंगला विपुल नावाचा एक जण आला. ऐरोलीला राहतो, दिघ्याला कंपनीत सुपरवायझर. त्यानं काकींना तपासणीचे रिपोर्ट आणून दिले, मग विचारल्याशिवाय मागच्या ओळीतल्या चार गाद्या उचलून दारावर रचल्या. म्हणाला, "इथून आवाज येतोय." खरंच येत होता. मला तीन आठवडे सुचलं नव्हतं.

एवढ्या हक्कानं वागतो म्हणजे मामेभाऊ असावा. काकींनी त्याच्यासमोर गायचं नाकारलं. "याच्यासमोर नाय. मना हसू येतं." जाई लाल झाली, बहुधा काकींच्या हट्टानं. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. जाईनं त्याला चहा नेऊन दिला आणि बराच वेळ आली नाही. मी आणि काकी दोघंच.

"तुझं लगीन ठरलंय का रं?"

"तुम्हीच लावलंत की काकी."

त्या हसल्या नाहीत. "पुसलास ना तो?"

"हो."

विपुलला मी मनात स्वॅप म्हणतो. डिस्कवर एक छोटा भाग असतो, मेमरी कमी पडली की मशीन तिथं सामान टेकवून ठेवतं. कामाचा असतो, पण नेहमी चुकीच्या ठिकाणी बसलेला.

३ जानेवारी

जाईचा मेसेज: "मशीन म्हणतंय जागा संपत आली. वाढव ना."

पाच मिनिटांचं काम. सेटिंगमध्ये जायचं, डिस्कच्या आकाराचा आकडा बदलायचा. गेलो, तर आकड्याची चौकट राखाडी. कर्सर नेला तरी हलत नाही.

का ते मला लगेच कळलं. स्नॅपशॉट असेपर्यंत डिस्क वाढवता येत नाही. तळाशी थिजलेलं काही असेल तर जागा ताणायची कशी?

मी त्या राखाडी चौकटीकडं बघत बसलो. शेवटी आत शिरून जुन्या अपडेटच्या फाइली, लॉग, असला सगळा कचरा काढला. थोडी जागा झाली.

"सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे," मी जाईला लिहिलं. "सध्या एवढ्यावर भागव."

"तू आहेस म्हणून टेन्शन नाही," तिनं लिहिलं. आणि एक पिवळा हसरा चेहरा. तो चेहरा मी किती वेळा पाहिला ते लिहीत नाही.

९ जानेवारी

विपुल मामेभाऊ नाही.

जाई दुकानात आली, सरांसमोर बसली, मिठाईचा पुडा ठेवला. साखरपुडा घरातल्या घरात उरकला म्हणे, काकींच्या ऑपरेशनमुळं. लग्न मेमध्ये. सर म्हणाले वा वा. मी पेढा तोंडात टाकला आणि तो गिळायचा असतो हे विसरलो.

मग ती माझ्याकडं वळली. "यश, आता खरं काम. मे महिन्यात काकीला गाता येईल की नाही कुणालाच माहीत नाही. माझ्या लग्नाचे सगळे धवले तिच्याकडून आत्ताच गाऊन घ्यायचे. विपुलचं नाव घालून. मांडवात स्पीकरवर लावू. काकी शेजारी बसेल, गाणं तिचंच असेल. अख्खं लग्न आहे, खूप जागा लागेल. करशील ना?"

"हं."

"आणि काकी सारखी विचारते, पहिलं पुसलं का. मी सांगितलं, तेव्हाच उडवलं. तरी म्हणते, त्या पोराला विचार. वेडी आहे."

ती गेल्यावर मी मागच्या खोलीत गेलो आणि दार आपटलं. माउस भिंतीवर मारला, त्याचं पोट उघडून बॅटरी कपाटाखाली गेली. मग लॅपटॉपच्या टचपॅडवरून मशीनची खिडकी उघडली. 'मांडव'. शेजारी मागे जाण्याचं बटण. एकदा दाबलं की दोन डिसेंबर. साखरपुडा नाही, विपुल नाही, गोठिवलीचा सुजलेला नवरदेव नाही. पाटावर माझं नाव.

खिडकीनं विचारलं, यानंतरचं सगळं नष्ट होईल, नक्की? बोट बराच वेळ तिथंच होतं. थंडगार खोली, हिरवे दिवे लुकलुकतायत, मला वाटलं आत पाणी भरतंय आणि मी तळाशी बसलोय, आणि वर कुणीतरी हळू आवाजात गातंय.

मग जाईचा मेसेज. "आजचं काकीचं सेव्ह झालंय ना रे? आज तिचा घसा फार दुखला."

मी खिडकी बंद केली. "झालंय," लिहिलं.

स्नॅपशॉट मात्र काढला नाही. लग्न मेमध्ये आहे. मेपर्यंत काहीही होऊ शकतं.

१४ जानेवारी

काकींनी हातावर तीळगूळ ठेवला. म्हणाल्या, "आज सणाचा दिस. आज मी माझं गातं."

जाईला समजेना. "तुझं म्हणजे?"

"माझं लगीन. माझ्या आयनं गायलेलं. ती बी धवलारीण व्हती." काकांचं नाव शिवराम. जाऊन बरीच वर्षं झाली. काकींनी दुसऱ्यांची एवढी लग्नं गायली, पण स्वतःचं कधी कुणासमोर म्हटलं नव्हतं. "माझं बी उभंच हाय ना अजून," असं म्हणाल्या आणि मिश्री लावलेल्या दातांनी हसल्या.

मी माइक धरला. जाईनं दार लावलं. काकी गायला लागल्या आणि मला कळलं की आजवरचं सगळं त्या कामाचं गात होत्या. हे वेगळं होतं. शिवराम म्हणताना त्या थांबायच्या, जसं कुणी दाराबाहेर चपला काढतोय आणि आत येईपर्यंत थांबावं. घसा मध्येच फाटत होता, त्या तो फाटू देत होत्या. जाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. किती वेळ गायल्या माहीत नाही.

संपल्यावर जाईनं डोळे पुसले. मग जाईनं लॅपटॉप ओढला.

"यश. हे काय आहे?"

मशीन थांबलं होतं. बंद पडलं नव्हतं, नुसतं थांबलं होतं, मध्येच. मी सरांना फोन लावला. सर ओरडत होते, सर्व्हरची सगळी डिस्क भरलीय, सगळी मशीन थांबलीयत, कोचिंगवाल्यांची टेस्ट चालू होती, त्यांचे फोनवर फोन येतायत. मी नेटवाल्याला फोन लावून त्याला शिव्या घातल्या. त्याचा काही संबंध नव्हता. तो बिचारा "सर, सर" करत होता.

काकींच्या गाण्याची फाइल आहे. नावही आहे. उघडत नाही.

"काकी, पुन्हा एकदा..." जाई म्हणाली.

काकींनी मान हलवली. बोट घशाला लावलं. मग पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "जाव दे. त्याला नसंल आवडलं. त्याला कंदी फोटू पन काढलेला आवडला नाय."

माझ्या हातावरचा तीळगूळ घामानं चिकट झाला होता. मी तो तिथंच खाल्ला. कारण फेकता येत नव्हता.

१५ जानेवारी

सरांनी जुन्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवून मशीन कशीबशी उभी केली. मग सर्वांत मोठं काय आहे त्याची यादी काढली. सगळ्यांत वर एकच फाइल होती, जाईच्या मशीनच्या बाजूची. मी काढलेला कचरासुद्धा तिच्यातच जाऊन बसला होता. मी जेवढं आवरत होतो तेवढी ती फुगत होती.

"दोन डिसेंबर?" सरांनी चष्मा वर केला. "यश, हा अजून इथं काय करतोय? आणि 'मांडव' काय?"

 सर चिडून बोलणार असं वाटलं. मीही तयार होतो, काही बोलले तर बॅग उचलायची, मला येतं ते. पण सरांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, एकदा स्क्रीनकडं पाहिलं, एकदा टेबलावर अजून पडलेल्या पेढ्यांच्या पुड्याकडं.

"मी चहा घेऊन येतो," म्हणाले. "तू काढ तो."

म्हणजे बॅग उचलण्यासारखं काही उरलंच नाही.

'काढून टाका' दाबलं. हे नुसतं फेकणं नसतं. बाजूला साठलेलं सगळं, पहिल्या दिवसापासूनचं, हळूहळू मूळ डिस्कवर उतरवलं जातं. गोठिवलीची हळद उतरली असेल. जाईचं हसणं, माझ्या डोक्यात पडलेले लोड, काकींचं खोकणं. आणि कुठंतरी त्यात जाईनं त्या दुपारी केलेलं पुसणंही. ते आज झालं. पट्टी पुढं सरकत होती आणि मी बघत होतो. सर चहा घेऊन आले आणि दाराबाहेरच उभे राहून दोन्ही कप प्यायले.

पट्टी भरली. यादीतून 'मांडव' गेलं. आकड्याची चौकट पांढरी झाली.

ऐकायला हवं होतं का एकदा? सरांची ती बाहेरची हार्ड डिस्क समोरच होती. तिच्यावर उतरवून घेता आलं असतं. हे मला पट्टी अर्धी गेल्यावर सुचलं, असं मी इथं लिहितोय.

१६ जानेवारी

आकडा दुप्पट केला. पण डिस्क वाढली म्हणजे जागा वाढली असं नसतं. आत जाऊन बघितलं तर आधी मूळ भाग, मग स्वॅप, मग नवी मोकळी जागा. गाणी पहिल्या भागात. मोकळं मैदान पलीकडं. मध्ये तो बसलेला. मूळ भागाला त्याच्यावरून उडी मारता येत नाही, लागूनच जागा हवी.

स्वॅप बंद केला. पुसला. मूळ भाग ताणला, पण अगदी टोकापर्यंत नाही, शेवटी थोडी जागा सोडली. तिथं स्वॅप पुन्हा बनवला. तो लागतोच मशीनला. जिथं कुणाच्या वाटेत येत नाही तिथं बसवला की झालं.

मशीन पुन्हा चालू केलं तर ते सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एक ओळ, आणि तिच्यापुढं सेकंद मोजणं चाललेलं.  मग समजलं. स्वॅप नवा आहे पण मशीनच्या यादीत त्याचं जुनंच ओळखनाव लिहिलंय. ते दर वेळी उठतं, त्या जुन्या नावाला हाक मारतं, थांबतं, कुणी येत नाही, मग पुढं जातं.

मी लगेच दुरुस्त केलं नाही. तीन-चार वेळा मशीन बंद-चालू केलं आणि ते थांबताना बघत बसलो. दुपार होती, एसीचं पाणी बादलीत पडत होतं. मग यादी उघडली, जुनं नाव खोडलं, नवं लिहिलं. आता ते उठतं आणि थेट कामाला लागतं.

जाईला मेसेज केला, "जागा झाली. अख्खं लग्न मावेल."

शिवरामकाकांची फाइल सगळ्या तऱ्हांनी उघडून पाहिली. नाही.

१७ जानेवारी

तळवलीला सकाळीच गेलो. रिक्षावाल्यानं मीटर टाकलं नाही तरी भांडलो नाही. जाईच्या वडिलांनी गाद्यांच्या खोलीत मधोमध पाट मांडला होता, त्याभोवती रांगोळीसुद्धा. "खोटं असलं तरी मोकळ्या जमिनीवर नको," म्हणाले.

"खोटं नाय," काकी आतून ओरडल्या. "लगीन हाय."

जाई साधीच होती, रोजची कुर्ती. नुसत्या बांगड्या हिरव्या. विपुल दारात उभा. मला म्हणाला, "काय इंजिनिअर, जागा झाली?" पूर्ण इंजिनिअर म्हणाला. मी हो म्हणालो.

काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. गळ्याभोवती गरम फडकं. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पुसलास?"

"हो काकी. परवा."

तोंडातून निघून गेलं. जाई तारा जोडत होती, तिनं ऐकलं नाही. काकींनी ऐकलं. माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता उठतील, सांगतील सगळ्यांना. किंवा गाणारच नाहीत.

"परवा," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "मंग संक्रांतीला तो व्हताच आत."

"होता."

त्यांनी फडकं सैल केलं. "लय दिस उभं ठेवलास रं, घाटावरच्या. पाय दुखलं असतील." आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला, प्यायला. मी प्यायलो.

"शिवरामकाकांचं..." मी म्हणालो.

"ते मना पाठ हाय," काकी म्हणाल्या. "तुला कशाला पायजे?"

मी माइक स्टँडवर लावला. आजवर हातात धरायचो. स्टँड पहिल्या दिवसापासून पिशवीत होता. उंची काकींच्या तोंडाशी आणली, स्क्रू घट्ट केला. पंखा बंद. जाईला म्हणालो, काही बोल, आवाज बघतो. ती म्हणाली, "काय बोलू? तूच बोल." मग पाटावर बसली. विपुलला काकींनी दारातून आत बोलावलं. आज त्यांना हसू येत नव्हतं. तो दुसऱ्या पाटावर बसला, मोठ्या अंगाचा, अवघडलेला, मांडी नीट घालता येईना.

लॅपटॉपवर मशीन जागं होतं. जागा बघितली. भरपूर. लाल बटण दाबलं, आकडे पळायला लागले.

"तू बस ना," जाई कुजबुजली.

मी मान हलवली. ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. रेकॉर्डिंग चालू होतं. एका माणसाचा श्वास जास्त झाला तरी येतो त्यात.

काकींनी डोळे मिटले. *चौकाच्या पाटावं...*

पुढचं नाव यायच्या आत मी चपला हातात घेतल्या, गाद्यांना धक्का न लावता बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. कडी वाजू नये म्हणून आधी बोटानं वर धरली, मग हळूच सोडली.